शेवटचे पंधराशे किलोमीटर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांना आदरांजली वाहायची तर ती हिशेबातूनच वाहावी, असं मला वाटतं. म्हणून आज मी तुमच्याकडून थोडं तोंडी गणित करून घेणार आहे. विद्यार्थ्यांनी वही काढली तरी चालेल.

दोन कृष्णविवरं एकमेकांच्या जवळ आली की काय होतं, हा आपला विषय. हिंगोली जिल्ह्यात हा विषय का, हे कुणी विचारणार नाही. औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे आणि तिचं कामच मुळी हे आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन. आधी वस्तू समजून घेऊ, मग यंत्र.

कृष्णविवरांबद्दल शाळाशाळांमधून मुलं मला एकच प्रश्न विचारतात. दोन कृष्णविवरं समोरासमोर आली, तर कोण कुणाला गिळणार? या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे. कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, हे ते गृहीत. खरं तसं नाही. समजा, आत्ता या क्षणी सूर्याच्या जागी सूर्याच्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीचं काय होईल? अंधार होईल, गारठा पडेल, जीवसृष्टी टिकणार नाही. पण पृथ्वी आत ओढली जाईल का? मुळीच नाही. ती आज फिरते तशीच, त्याच कक्षेत, त्याच वेगाने वर्षानुवर्षं फिरत राहील. लांबवर असलेल्या वस्तूच्या दृष्टीने कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण हे कुठल्याही ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणासारखंच असतं. त्याचं वेगळेपण अगदी जवळ गेल्यावर कळतं.

मग दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असतील, तर ती जवळ येतातच कशी? माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हा आहे. टकरीची चित्रं आपण पाहतो, टकरीच्या बातम्या वाचतो. पण टक्कर म्हणजे गोष्टीचं शेवटचं पान. गोष्ट आहे ती जवळ येण्याची, आणि जवळ येणं फार फार अवघड आहे. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन वस्तूंपाशी ऊर्जा असते, कोनीय संवेग असतो. कुणीतरी ते काढून नेल्याशिवाय त्यांच्यातलं अंतर एका मिलिमीटरनेही कमी होत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आपण एकच प्रश्न विचारायचा: ऊर्जा कोण काढून नेतं?

आइनस्टाइन यांनी १९१५ साली व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी त्यातून गुरुत्वीय लहरींचं भाकीत केलं. वस्तुमानं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा अवकाशकालात लहरी उठतात, आणि त्या लहरी ऊर्जा घेऊन जातात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे तीही लहरी सोडते. किती? सुमारे २०० वॅट. अख्खी पृथ्वी, अख्खा सूर्य, आणि हिशेब येतो २०० वॅटचा. एवढ्याने पृथ्वीची कक्षा आकसायला विश्वाचं आयुष्य कितीही पटींनी मोजलं तरी अपुरं पडेल.

आता पृथ्वी आणि सूर्य बाजूला ठेवा. सूर्याच्या तीसपट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं घ्या. त्यांच्यात पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये आहे तेवढंच, म्हणजे १५ कोटी किलोमीटर अंतर ठेवा. दुसरं कुणीही मदतीला नाही, फक्त गुरुत्वीय लहरी. ती एकमेकांत मिसळायला किती वेळ लागेल? उत्तर येतं सुमारे सहा लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या वयाच्या चारशे पटींहून जास्त!

पण इथे एक सुंदर नियम आहे. फिलिप पीटर्स या शास्त्रज्ञाने १९६४ साली तो मांडला. लागणारा वेळ अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. अंतर निम्मं केलं, तर वेळ सोळाव्या भागावर येतो. अंतर एक दशांश केलं, तर वेळ दहा हजारांश. आता वही उघडा. अंतर दीड कोटी किलोमीटर करा: वेळ ६० कोटी वर्षं. पंधरा लाख किलोमीटर करा: ६० हजार वर्षं. दीड लाख किलोमीटर, म्हणजे आपल्यापासून चंद्र जितका लांब आहे त्याच्या निम्म्याहूनही कमी: सहा वर्षं. पंधरा हजार किलोमीटर: सव्वापाच तास. आणि पंधराशे किलोमीटर?

दोन सेकंदांहूनही कमी.

सहा लाख कोटी वर्षांपासून दोन सेकंदांपर्यंत आपण पाच पायऱ्यांत उतरलो, आणि प्रत्येक पायरीला अंतर फक्त दहाने भागलं. हा हिशेब मी कितीदा केला असेन, पण अजूनही तो करताना अंगावर शहारा येतो. निसर्गात इतकी सावकाश सुरुवात आणि इतका झपाट्याने शेवट असलेली दुसरी घटना मला माहीत नाही.

या हिशेबातून एक कोडं आपोआप समोर येतं. लहरींच्या भरवशावर विश्वाच्या आयुष्यात एकत्र यायचं असेल, तर या दोघांना सुरुवातीलाच दोन-तीन कोटी किलोमीटरच्या आत असायला हवं. पण कृष्णविवर होण्याआधी ते तारे होते. आणि असे जड तारे म्हातारपणी फुगून कोट्यवधी किलोमीटर पसरतात. एवढ्याशा जागेत दोन फुगलेले तारे मावणारच नाहीत, ते कृष्णविवर होण्याआधीच एकमेकांत मिसळतील. मग ही जोडपी आली कुठून?

यावर दोन उत्तरं दिली जातात. पहिलं असं, की जोडीतला एक तारा आधीच कृष्णविवर झालेला असतो. दुसरा फुगतो आणि त्याचं वायूचं वेष्टन या कृष्णविवरालाही वेढून टाकतं. त्या वायूतून फिरताना घर्षण होतं, कक्षा झपाट्याने आकसते, वायू बाहेर फेकला जातो. इथे ऊर्जा वायूने नेली. दुसरं उत्तर दाट तारकागुच्छांतलं आहे. तिथे कृष्णविवरं गुच्छाच्या मध्याकडे सरकतात आणि एखाद्या जोडीजवळून तिसरं कुणीतरी जातं. तिघांच्या या खेचाखेचीत बहुतेक वेळा सर्वांत हलकं असतं ते वेगाने बाहेर भिरकावलं जातं, आणि मागे राहिलेली जोडी आणखी जवळ येते. असं पुन्हा पुन्हा होतं. इथे ऊर्जा नेली तिसऱ्याने. दोन्ही वाटा निसर्गात असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुठल्या वाटेने किती जोडपी येतात, यावर आज जोरात काम चालू आहे.

आता शेवटच्या पंधराशे किलोमीटरकडे येऊ.

१४ सप्टेंबर २०१५. सोमवार. आपल्या घड्याळात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या यंत्राला आधी, आणि जवळपास सात मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्राला, एक थरथर जाणवली. एक पंचमांश सेकंदाची. तिची वारंवारता ३५ हर्ट्झपासून सुरू होऊन २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली आणि थांबली. बस्स, एवढंच. त्यामागे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं होती, १३० कोटी प्रकाशवर्षं लांब. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वीवर प्राणी नव्हते, जमिनीवर झाडं नव्हती.

त्या एक पंचमांश सेकंदात काय घडलं? दोघांमधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरवर आलं होतं आणि ती सेकंदाला ७५ वेळा एकमेकांभोवती फिरत होती. ३६ सूर्यांचं कृष्णविवर म्हणजे केवढं? व्यास साधारण दोनशे दहा किलोमीटर. म्हणजे दोघांच्या सीमा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या. वेग होता प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक. मग दोघांना मिळून एकच घटना क्षितिज, म्हणजे एकच सीमा, तयार झालं. कुणी कुणाला गिळलं नाही. एक राहिलं आणि एक गेलं, असंही नाही. दोन्ही संपली आणि तिसरं उरलं, ६२ सूर्यांचं.

छत्तीस आणि एकोणतीस किती होतात? पासष्ट. उरले बासष्ट. तीन सूर्य कुठे गेले? ऊर्जा कोणी नेली? आता उत्तर एकच: लहरींनी. तीन सूर्यांएवढं वस्तुमान शुद्ध ऊर्जा होऊन अवकाशकालाच्या थरथरीत विरलं. त्या क्षणी त्या एका जोडीची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाहून जास्त होती. आणि प्रकाश? या घटनेत प्रकाशाचा एक किरणही निघाल्याचं खात्रीने दिसलेलं नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्या खगोलशास्त्राला ही घटना कधीच कळली नसती.

इथे स्टीफन हॉकिंग यांचं एक प्रमेय आठवतं. १९७१ साली त्यांनी सांगितलं, की कृष्णविवरांच्या क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधीही कमी होऊ शकत नाही. वस्तुमान कमी झालं तरी चालेल, क्षेत्रफळ नाही. पुन्हा वही, आणि पुन्हा तीस-तीस सूर्यांची आपली जोडी. न फिरणाऱ्या कृष्णविवराचं क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. तीसचा वर्ग नऊशे, दोघांचे मिळून अठराशे. एकत्र आल्यावर तीन सूर्य गमावले, उरले सत्तावन्न. सत्तावन्नचा वर्ग बत्तीसशे एकोणपन्नास. अठराशेवरून बत्तीसशेच्या पुढे! नवं कृष्णविवर स्वतःभोवती जोरात फिरत असतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येतो, पण वाढ ही वाढच. याच प्रमेयातून दुसरी गोष्टही निघते. उरलेल्या वस्तुमानाचा वर्ग अठराशेच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे वस्तुमान सुमारे साडेबेचाळीसच्या खाली जाणार नाही. साठपैकी जास्तीत जास्त सुमारे साडेसतरा सूर्य लहरींत जाऊ शकतात. निसर्ग प्रत्यक्षात तीनवरच थांबतो.

हे प्रमेय अनेक वर्षं कागदावर होतं. १४ जानेवारी २०२५ला लायगोला आजवरचा सर्वांत स्पष्ट संकेत मिळाला, दोन्ही कृष्णविवरं तीस-पस्तीस सूर्यांची. मिसळण्यापूर्वी दोघांचं एकूण क्षेत्रफळ होतं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. मिसळल्यानंतर सुमारे ४ लाख. आपल्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. आधी महाराष्ट्राहून लहान, नंतर महाराष्ट्राहून मोठं. हॉकिंग २०१८ साली गेले. हा निकाल त्यांना पाहायला मिळायला हवा होता.

एकत्र आल्यानंतर काय होतं? नवं क्षितिज जन्मतः ओबडधोबड असतं. आणि कृष्णविवराला ओबडधोबड राहता येत नाही. त्याला वस्तुमान असतं, फिरण्याचा वेग असतो, बाकी कसलीही खूण त्याच्यापाशी उरत नाही. मग ती वेडीवाकडी घडण जाते कुठे? बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा अमेरिकेत तरुण संशोधक होते तेव्हा त्यांनी हे शोधलं. कृष्णविवर असतं की नसतं यावरच लोक वाद घालत होते असा तो काळ. विश्वेश्वरांनी गणितात कृष्णविवरावर एक लहर सोडून पाहिली आणि परत काय येतं ते तपासलं. १९७० साली त्यांनी उत्तर छापलं: देवळातली घंटा टोल दिल्यावर घुमत घुमत विरते, तसं कृष्णविवर ठरावीक वारंवारतेने घुमतं आणि विरतं. ती वारंवारता आणि विरण्याचा वेग, दोन्ही फक्त त्याच्या वस्तुमानावर आणि फिरण्यावर ठरतात. पुढे १९७५ साली खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर आणि डेटवायलर यांनी या घुमण्याचं सविस्तर गणित केलं. २०१५च्या संकेताच्या अगदी टोकाला हे विरणं दिसलं तेव्हा विश्वेश्वरा हयात होते. २०१६च्या फेब्रुवारीत तो शोध जाहीर झाला आणि २०१७च्या जानेवारीत ते गेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आपलं गणित निसर्गात खरं ठरल्याचं पाहायला मिळालं, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?

आपल्याकडच्या आणखी काही लोकांची नावं इथे घेतलीच पाहिजेत, आणि आपण ती पुरेशी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. यंत्रात जमिनीची थरथर असते, उष्णतेची असते, लेसरची असते. त्या सगळ्या गोंगाटात खरा संकेत बुडालेला असतो. तो काढायचा कसा? संकेत कसा दिसेल हे आधी गणिताने लिहून ठेवायचं, असे हजारो नमुने तयार करायचे, आणि एकेक नमुना गोंगाटाशी जुळवून पाहायचा. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेमध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९०च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. लायगोच्या यंत्रांचं बांधकामही तेव्हा सुरू झालं नव्हतं. आणि ते नमुने लिहायला लागणारं किचकट गणित बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर केलं. पंचवीस वर्षं हे लोक न ऐकलेल्या आवाजाचं व्याकरण लिहीत होते. शेवटच्या फेऱ्यांचं गणित मात्र कागदावर सुटत नाही. ते संगणकाने सोडवायचा पहिला प्रयत्न १९६४ साली झाला. यश मिळालं २००५ साली, फ्रान्स प्रिटोरियस यांना.

अजून एक गोष्ट घडते, ती थोडक्यात सांगतो. दोन्ही कृष्णविवरं सारखी नसतील, किंवा त्यांच्या फिरण्याचे अक्ष तिरपे असतील, तर लहरी एका बाजूला जास्त जातात आणि नव्या कृष्णविवराला उलट दिशेने धक्का बसतो. हा धक्का काही वेळा सेकंदाला हजारो किलोमीटरचा असू शकतो, म्हणजे ते आपल्या तारकागुच्छातून, क्वचित दीर्घिकेतूनही बाहेर फेकलं जाऊ शकतं. २१ मे २०१९ला ८५ आणि ६६ सूर्यांच्या कृष्णविवरांचा संकेत आला. एका ताऱ्यापासून ८५ सूर्यांचं कृष्णविवर होणं सध्याच्या समजुतीप्रमाणे कठीण आहे. मग ते स्वतःच आधीच्या एका भेटीतून जन्मलं असेल का? तसं असेल तर त्या भेटीचा धक्का पचवून ते जागच्या जागी राहिलं असणार. या प्रश्नाचं उत्तर अजून पक्कं झालेलं नाही.

आतापर्यंत आपण तीस-चाळीस सूर्यांबद्दल बोललो. आता फार मोठ्यांकडे वळू या. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांचं कृष्णविवर आहे. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी असं एखादं असतं. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरं हजारो प्रकाशवर्षं लांब असतात. ती जवळ येणार कशी? पुन्हा तोच प्रश्न. ऊर्जा कोण काढून नेतं?

या टप्प्याचं उत्तर चंद्रशेखर यांनी १९४३ साली दिलं, तेही कृष्णविवरांचा विचार करताना नव्हे. ताऱ्यांच्या गर्दीतून एखादी जड वस्तू चालली, की तिच्या ओढीने तारे तिच्या मागे गोळा होतात. ही मागची गर्दी तिला मागे खेचते. ती मंदावते. या गतिक घर्षणाने दोन्ही कृष्णविवरं नव्या दीर्घिकेच्या मध्याकडे सरकतात आणि एकमेकांना बांधली जातात. पुढे ती जवळून जाणाऱ्या ताऱ्यांना भिरकावून देतात, प्रत्येक तारा थोडी ऊर्जा नेतो. असं करता करता अंतर काही प्रकाशवर्षांवर येतं. आणि तिथे गाडी अडते. भिरकावण्याजोगे तारेच संपतात! गुरुत्वीय लहरींनी काम करावं म्हटलं, तर त्या एवढ्या अंतरावर फार दुबळ्या. लागणारा वेळ विश्वाच्या वयाहून जास्त. शास्त्रज्ञ याला शेवटच्या पारसेकचा प्रश्न म्हणतात. पारसेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं. हजारो प्रकाशवर्षं चालून यायचं आणि शेवटच्या तीन प्रकाशवर्षांत अडकून पडायचं. खरंच अडकतात का ती? की वायू मदतीला येतो? की दीर्घिकेचा आकार वेडावाकडा असल्याने नवे तारे येत राहतात? की तिसरी दीर्घिका येऊन तिसरं कृष्णविवर आणते?

हे तपासायचं यंत्र आपल्या महाराष्ट्रात आहे आणि ते अनेक वर्षं चालू आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. अब्जावधी सूर्यांची जोडी एका फेरीला वर्षानुवर्षं घेते. तिच्या लहरी इतक्या लांब, की पृथ्वीवरचं कुठलंही यंत्र त्या थेट पकडू शकणार नाही. म्हणून आकाशगंगेत दूरवर पसरलेले पल्सार घड्याळ म्हणून वापरायचे. पल्सार ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवतात. अवकाशकाल ताणला-आकसला की स्पंद किंचित आधी किंवा उशिरा पोचतात. हा फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असतो. पण स्पंद उशिरा पोचायला वाटेतले इलेक्ट्रॉनही कारण असतात. तो उशीर कमी वारंवारतेवर सर्वांत ठळक दिसतो आणि अशा वारंवारतांवर जीएमआरटीचा हातखंडा आहे. तो उशीर मोजून वजा केल्याशिवाय बाकी हिशेब उभाच राहत नाही.

२९ जून २०२३ रोजी युरोप आणि भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या चमूंनी एकाच वेळी जाहीर केलं, की पल्सारांच्या वेळांत एक सामाईक गुणगुण आढळल्याचे पुरावे आहेत. सर्वांत सरळ अर्थ असा, की विश्वभर पसरलेल्या प्रचंड कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांची ती एकत्रित लहर आहे. हा अर्थ खरा असेल, तर शेवटच्या पारसेकचं कोडं निसर्गाने सोडवलेलं आहे. कसं, ते आपल्याला शोधायचं आहे.

एखादी अशी जोडी प्रत्यक्ष दिसते का? ओजे २८७ या दीर्घिकेचं नाव विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावं. सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं लांब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या छायाचित्रांत हा बिंदू मधूनच उजळलेला दिसतो, साधारण बारा वर्षांच्या ठेक्यात. एक मांडणी अशी, की १,८०० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराभोवती १५ कोटी सूर्यांचं दुसरं फिरतं आणि मोठ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून आरपार जाताना दर वेळी झगमगाट होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने फिनलंडच्या सहकाऱ्यांबरोबर पुढच्या झगमगाटाची वेळ काढली होती, ३१ जुलै २०१९. स्पिट्झर दुर्बिणीला तो दिसला, भाकिताच्या चार तासांच्या आत. त्यानंतरच्या निरीक्षणांवरून मात्र मतभेद झाले. मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान याहून बरंच कमी असावं, असं काही जण मानतात. वाद चालू आहे आणि तो निरीक्षणांनीच मिटेल.

आता औंढ्याला येऊ. आजवर सुमारे तीनशे भेटींचे संकेत नोंदले गेलेत. पण त्या आकाशात नेमक्या कुठे घडल्या, हे सांगणं कठीण जातं. लहर एका यंत्रावर आधी, दुसऱ्यावर नंतर पोचते, त्या फरकावरून दिशा काढायची. दोनच यंत्रं असली तर आकाशाचा मोठा पट्टा उरतो. २०१५च्या संकेतासाठी तो पट्टा सुमारे सहाशे चौरस अंशांचा होता. इटलीतलं व्हर्गो हे यंत्र जोडलं गेलं तेव्हा, १४ ऑगस्ट २०१७च्या संकेतासाठी, तो साठ चौरस अंशांवर आला. अमेरिका आणि युरोप यांपासून खूप दूर, पृथ्वीच्या या बाजूला एक तितकंच संवेदनशील यंत्र हवं. ते आपलं. फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मध्ये सात वर्षं गेली. ती जायला नको होती, असं मी स्पष्टपणे म्हणतो.

आत काय असेल? काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या. त्यांच्या टोकांना ४० किलोचे आरसे, शुद्ध सिलिकाचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे. प्रत्येक आरसा सिलिकाच्याच चार तंतूंवर लटकलेला, एकेका तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. चाळीस किलो, काचेच्या चार धाग्यांवर! धातूची तार वापरली तर तिच्यातल्या अणूंची थरथर आरशापर्यंत जाते, म्हणून काच. लहर येते तेव्हा चार किलोमीटरमधला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान असतो, तो या आरशांमधल्या लेसरने मोजायचा.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका असणार. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात भूकंपाचे धक्के बसले, २०२४मध्येही बसले. मग यंत्र इथे चालेल का? प्रश्न रास्त आहे. मोठा धक्का बसला की असं कुठलंही यंत्र काही काळ आपला समतोल सोडतं आणि पुन्हा सावरलं जातं. अमेरिकेतल्या यंत्रांनाही जगभरच्या भूकंपांमुळे हे करावं लागतं. बांधकामाची मजबुती वेगळी, तिचा विचार आराखड्यात करावाच लागतो. रोजच्या कामाला महत्त्वाची असते ती रोजची शांतता: रेल्वे, महामार्ग, कारखाने, खाणी यांच्यापासूनचं अंतर. ती शांतता ही या जागेची कमाई आहे आणि ती टिकवणं तुमच्या हातात आहे. उद्या शेजारी दगडखाणीचा परवाना मागायला कुणी आलं, तर ग्रामसभेत हा मुद्दा मांडा.

एक शेवटची गोष्ट. ही यंत्रं काय ऐकतात? साधारण शेवटचे पंधराशे किलोमीटर. त्याआधीचा सगळा प्रवास त्यांच्या कानाच्या पलीकडे आहे. पण युरोपच्या अवकाश संस्थेने जानेवारी २०२४मध्ये लिसा मोहिमेला मंजुरी दिली. २०३०च्या दशकाच्या मध्यावर तीन यानं एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तरंगत सूर्याभोवती फिरतील. त्यांना ऐकू येईल दीड लाख किलोमीटरची पायरी. आपल्या वहीत त्या पायरीसमोर काय लिहिलंय? सहा वर्षं. म्हणजे असं एखादं जोडपं पुरेसं जवळ सापडलं, तर ते कधी एकत्र येणार हे काही वर्षं आधीच कळू शकेल, आकाशातल्या दिशेसकट. आज सातवी-आठवीत असलेली मुलं तेव्हा औंढ्याच्या या वेधशाळेत नोकरीला असतील. जाहीर झालेल्या त्या तारखेला देखभालीसाठी यंत्र बंद ठेवायचं नाही, लेसर आणि निर्वात नळ्या आठवडाभर आधी तपासून ठेवायच्या, आणि जगभरच्या दुर्बिणी कुठे वळवायच्या हे त्या दोन सेकंदांनंतर लगेच कळवायचं, एवढं काम त्यांच्याकडे असेल.